‘चित्रा’चं तेल, खाडीचा चिखल आणि बिलात न बसलेलं नुकसान

७ ऑगस्ट २०१०, शनिवार. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजं एकमेकांवर आदळली. ‘एमएससी चित्रा’ न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी (जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्ट) बंदरातून कंटेनर भरून बाहेर निघालं होतं, तर ‘खलिजिया-३’ मुंबई बंदराकडे येत होतं. हे दुसरं जहाज आधीच्याच महिन्यात रुतून बसलं होतं. चित्रावर पनामाचा झेंडा (म्हणजे नोंदणी तिथली), खलिजियावर सेंट किट्स आणि नेव्हिसचा. चित्राला भगदाड पडलं आणि ते कलंडत गेलं. वरचे कंटेनर एकेक करून समुद्रात घसरू लागले आणि टाकीतलं तेल बाहेर पडू लागलं.

जहाजावर बाराशेहून जास्त कंटेनर होते आणि स्वतःच्या इंजिनासाठी सुमारे २,६०० टन फर्नेस तेल. त्यातलं किती सांडलं याचे आकडे वेगवेगळे सांगितले गेले. सर्वाधिक वापरला जातो तो सुमारे ८०० टनांचा. तीसेक कंटेनरांत घातक रसायनं होती, त्यांत कीटकनाशकंही. जहाजावरची सगळी माणसं सुखरूप वाचली. तटरक्षक दलाने जहाजं आणि हेलिकॉप्टरं उतरवून तेलावर विखुरणारं रसायन फवारलं. वाहत्या कंटेनरांमुळे मुंबई आणि जेएनपीटी ही देशातली दोन मोठी बंदरं काही दिवस बंद ठेवावी लागली. यलो गेट पोलीस ठाण्यात दोन्ही कप्तानांवर गुन्हा नोंदवला गेला. किनाऱ्याला बिस्किटांचे पुडे लागले, लोक ते गोळा करायला धावले आणि पोलिसांना ‘खाऊ नका’ म्हणून बजावत फिरावं लागलं. त्या आठवड्यातल्या बातम्या याच होत्या.

तेल कुठे गेलं, या प्रश्नाला मात्र त्या मानाने फार कमी जागा मिळाली. उरण, अलिबाग, घारापुरी, शिवडी आणि ठाणे खाडीच्या आत थेट वाशीपर्यंतच्या तिवरांवर, म्हणजे खारट चिखलात वाढणाऱ्या झाडांवर, काळा थर बसल्याच्या नोंदी आहेत. टक्कर झाली तिथपासून वाशीचा पूल पंचवीसेक किलोमीटर आत आहे. एवढ्या आत तेल आलं कसं, हे कळल्याशिवाय या प्रकरणातलं नुकसान समजत नाही आणि जबाबदारीही ठरवता येत नाही. म्हणून हा अभ्यास जहाजापेक्षा खाडीच्या, आणि त्यातही नवी मुंबईच्या बाजूने लिहिला आहे.

अमावास्येचं उधाण

तारखा पंचांगाशी ताडून बघितल्या की उलगडा होतो. टक्कर ७ तारखेला झाली आणि आषाढी अमावास्या होती १० ऑगस्टच्या सकाळी. म्हणजे तेल सांडत होतं ते दिवस ऐन उधाणाच्या, म्हणजे सर्वात मोठ्या भरतीच्या, तोंडावरचे. ऑगस्टमध्ये वारा नैर्ऋत्येकडून, समुद्रावरून जमिनीकडे वाहतो. मुंबईचं बंदर दक्षिणेला उघडं आणि उत्तरेकडे निमुळतं होत ठाण्याच्या खाडीत जातं. भरतीचं पाणी या नरसाळ्यात शिरलं की पृष्ठभागावरचं तेल त्याच्यासोबत आत आत येतं. एरवीच्या भरतीला जे पाणी तिवरांच्या पायथ्याशी थांबतं, ते उधाणाला खाजणाच्या (भरतीचं पाणी शिरणाऱ्या खारट जमिनीच्या) वरच्या टोकापर्यंत चढतं. ओहोटीला पाणी निघून जातं. तेल मागे राहतं, खोडांवर, पानांवर, मुळांवर आणि चिखलावर. पुढचं तितकंच मोठं उधाण येईपर्यंत वरच्या पट्ट्यातलं तेल धुतलंही जात नाही.

हेच तेल अष्टमीच्या भांगाला, म्हणजे सर्वात कमी चढणाऱ्या भरतीला, सांडलं असतं तर इतकं वर चढलं नसतं. नशिबाचा भाग, असं कोणी म्हणेल. मला तसं वाटत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापलेलं असतं. कोणत्या तिथीला तेल सांडलं तर खाडीत कुठवर जाईल, याचा नकाशा आधीच तयार ठेवता येतो.

फर्नेस तेल हे शुद्धीकरणाच्या तळाशी उरणारं जड, चिकट तेल. पेट्रोलसारखं ते उडून जात नाही. लाटांनी घुसळलं की पाणी पोटात घेऊन त्याचा दाट लगदा होतो आणि आकारमान तिप्पट-चौपट फुगतं. ८०० टन सांडलं म्हणजे किनाऱ्याला ८०० टन लागलं, असा हिशोब होत नाही.

पक्षी नव्हते म्हणून

तेलगळती म्हटलं की तेलात माखलेल्या पक्ष्याचं छायाचित्र आठवतं. नवी मुंबईत त्या वर्षी तसं छायाचित्र फारसं निघालं नाही, आणि त्याचं कारण साधं आहे. ठाणे खाडीतले फ्लेमिंगो पावसाळ्याच्या सुमारास बहुतेक निघून जातात आणि दिवाळीनंतर परत येऊ लागतात. ऑगस्टमध्ये चिखलपट्टे जवळपास रिकामे असतात. त्यामुळे ‘वन्यजीवांची मोठी हानी नाही’ असं म्हणणं सोपं झालं. हानी मोजण्याची पद्धतच मृतदेह मोजण्याची असेल, तर ऑगस्टमधली गळती कागदावर नेहमीच सौम्य दिसणार.

फ्लेमिंगो इथे का येतात याचा विचार केला की दुसरंच चित्र दिसतं. छोटा फ्लेमिंगो चोच उलटी धरून चिखलावरचं सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. मोठा फ्लेमिंगो चिखलातले बारीक कवचधारी जीव आणि किडेही टिपतो. म्हणजे त्यांचं ताट चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरांत वाढलेलं असतं. तेल बसतं नेमकं तिथेच. शिवाय ऑगस्ट म्हणजे सगळे पक्षी गेलेले असतात असंही नाही. उत्तरेकडून येणाऱ्या चिखल्या, तुतारी अशा छोट्या पाणपक्ष्यांचे पहिले थवे याच महिन्यात खाडीत उतरू लागतात. हजारो किलोमीटर उडून आलेला मूठभर वजनाचा पक्षी तेलकट चिखलात चोच घालतो, पिसांना लागलेलं तेल चोचीनेच साफ करतो आणि ते पोटात जातं. तो मेला तर कुठेतरी तिवरांत पडतो. तिथे कोल्हा असतो, कावळा असतो, पुढची भरती असते. सापडलेले मृतदेह हे एकूण मृत्यूंचा छोटा हिस्सा असतात, हे जगभरातल्या गळत्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तिवरांच्या जंगलात तर तो हिस्सा आणखीच छोटा.

आता खुद्द तिवर. चिखलात प्राणवायू जवळपास नसतो, म्हणून तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढतात. पेन्सिलीसारख्या उभ्या दिसणाऱ्या या श्वासमुळांवर बारीक छिद्रं असतात आणि झाड त्यांतून श्वास घेतं. त्यांवर फर्नेस तेलाचा थर बसला की झाड गुदमरतं. लगेच मरतंच असं नाही. आधी पानं पिवळी पडून गळतात, फांद्या सुकतात, रोपं मरतात. मोठं झाड वर्ष-दोन वर्षं झुंजतं. चिंबोऱ्यांची आणि खेकड्यांची बिळं एरवी चिखलात हवा खेळती ठेवतात. गळतीत त्याच बिळांतून तेल वीत-दीड वीत खाली उतरतं. खाली प्राणवायू नाही, आणि तेल पचवणाऱ्या जिवाणूंना काम करायला प्राणवायू लागतो. त्यामुळे पृष्ठभाग वर्षभरात स्वच्छ दिसू लागला तरी खालचं तेल तसंच राहतं आणि उधाणागणिक थोडं थोडं वर झिरपतं. पनामाच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये कच्चं तेल तिवरांत शिरलं होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं चिखल तपासला आणि तेलाचा विषारी अंश दोन दशकं टिकू शकतो, असा निष्कर्ष काढला.

निवट्यांचा उल्लेख अहवालांत क्वचितच असतो. ओहोटीला चिखलावर उड्या मारणारा हा मासा ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. त्या कातडीला तेल लागलं की काय होणार, हे सांगायला प्रयोगशाळा नको. वाशीगाव, सारसोळे, दिवाळे, करावे, घणसोली इथल्या आगरी-कोळी घरांत निवट्यांचं कालवण आजही होतं. नवी मुंबईने स्वतःला ‘फ्लेमिंगो सिटी’ म्हणवून घेतलं, चौकाचौकांत गुलाबी पुतळे उभे केले. निवट्याचा पुतळा कोणी उभारणार नाही, पण खाडीची तब्येत बघायची तर आधी त्याच्याकडे बघावं.

कोणाचं बिल, कोणाच्या नावावर

मासेमारीची पावसाळी बंदी तेव्हा १५ ऑगस्टच्या सुमारास उठायची आणि नारळी पौर्णिमा २४ ऑगस्टला होती. होड्या डागडुजी करून तयार होत्या. शिवाय टक्कर झाली ती श्रावण लागण्याआधीच्या शेवटच्या शनिवार-रविवारी. मासळीला एरवी चढा भाव मिळणाऱ्या या दिवसांत गिऱ्हाईक बाजाराकडे फिरकेनासं झालं. कीटकनाशकांचे कंटेनर पाण्यात पडलेत, हे टीव्हीवर ऐकल्यावर कोण कशाला मासे घेईल?

हे नुकसान तरी पैशांत सांगता येतं. पण ते सांगायचा अधिकार कोणाला मिळतो, ही पुढची गोष्ट. शेतात गारपीट झाली की तलाठी येतो, सातबारा बघतो, पंचनामा करतो. खाजणात हाताने चिंबोऱ्या धरणाऱ्या, कालवं फोडणाऱ्या बाईच्या नावावर ना सातबारा असतो, ना नोंदणीकृत नौका, ना डिझेल परताव्याची पावती. तिचा माल दारावर नाहीतर नाक्यावर विकला जातो, रोखीत. तेलाचा सर्वात जवळचा फटका तिला बसतो, आणि दाव्याच्या फाईलीत ती बसत नाही.

जहाजमालकाची जबाबदारी कायद्याने कशी ठरते? इथे २०१० सालची परिस्थिती नीट बघायला हवी, कारण चित्रा जणू सगळ्या व्यवस्थांच्या एक पाऊल आधी आपटलं. तेलवाहू टँकरांच्या गळतीसाठी आंतरराष्ट्रीय भरपाई करार होता, पण चित्रा टँकर नव्हतं. सांडलं ते मालाचं तेल नव्हतं, इंधनाचं होतं. जहाजांच्या इंधनतेलासाठी वेगळा ‘बंकर’ करार २००१ मध्ये झाला आणि २००८ पासून लागू होता, पण भारत त्यात सामील झाला २०१५ मध्ये. पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाच्या कायद्याला जून २०१० मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली होती, पण तो अमलात आला १८ ऑक्टोबरला, टकरीनंतर जेमतेम सव्वादोन महिन्यांनी. राज्य वन विभागाचा कांदळवन (म्हणजे तिवरांचा) कक्ष २०१२ चा. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ चं. म्हणजे त्या ऑगस्टमध्ये वाशी-ऐरोलीच्या चिखलाची बाजू घेऊन उभं राहणारं खास असं कोणीच नव्हतं. प्रदूषण नियंत्रण मंडळ, तटरक्षक दल आणि संशोधन संस्थांनी आपापलं काम केलं. पण तटरक्षक दलाची जबाबदारी समुद्रावरच्या तेलाची, आणि तेल एकदा तिवरांत शिरलं की ते समुद्रावरचं राहत नाही.

त्याच वर्षी, चित्राच्या तीनच आठवडे आधी, मेक्सिकोच्या आखातातली ‘डीपवॉटर होरायझन’ची तेलविहीर बंद करण्यात यश आलं होतं. तिथे २० एप्रिलपासून सरकारी अंदाजाने ४९ लाख बॅरल तेल समुद्रात गेलं होतं. दोन घटनांच्या आकाराची तुलना करण्यात अर्थ नाही. हानी मोजण्याच्या पद्धतीची तुलना मात्र करायलाच हवी. अलास्कात ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ या टँकरच्या १९८९ मधल्या गळतीनंतर अमेरिकेने १९९० मध्ये कायदा केला. त्यानुसार निसर्गसंपत्तीची हानी मोजणं हे सरकारी विश्वस्तांचं काम आणि मोजणीचा खर्च प्रदूषकाचा. त्या मोजणीच्या जोरावर २०१६ मध्ये ही विहीर चालवणाऱ्या बीपी कंपनीशी झालेल्या सुमारे २,०८० कोटी डॉलरच्या तडजोडीत ८८० कोटी डॉलरपर्यंतची रक्कम केवळ निसर्गहानीपोटी आली. कंपनी उदार होती असं नाही. तिच्यासमोर मोजलेला आकडा ठेवला गेला होता.

आता बंकर करारातली एक अट बघा, कारण इथेच खरी मेख आहे. पर्यावरणाच्या हानीसाठी या करारात भरपाई मिळते ती फक्त पूर्वस्थिती आणण्यासाठी प्रत्यक्ष केलेल्या किंवा करायच्या वाजवी उपायांच्या खर्चाची. चिखल साफ केला, तिवरं पुन्हा लावली, तर तो खर्च मागता येतो. निवट्या मेल्या, चिंबोऱ्यांची एक पिढी गेली, शेवाळ तीन हंगाम उगवलं नाही, याची स्वतंत्र किंमत नाही. ज्याचं बिल फाडता येतं तेवढंच नुकसान. आणि तिवरांतलं तेल तर बरेचदा काढूच नये असं तज्ज्ञ सांगतात, कारण माणसं आणि यंत्रं चिखलात उतरवली की तेल आणखी खोल तुडवलं जातं. मग हिशोब असा होतो: सर्वात नाजूक जागी सफाई करायची नाही, सफाई नाही म्हणून खर्च नाही, खर्च नाही म्हणून भरपाई नाही. त्यावर जहाजाच्या टनेजनुसार मालकाची एकूण जबाबदारी मर्यादित करण्याची मुभा आहे, ती वेगळीच.

‘राक’ आणि ‘एल्सा’

चित्रानंतर जवळजवळ एक वर्षाने, ४ ऑगस्ट २०११ ला, मुंबईपासून वीसेक सागरी मैलांवर ‘एमव्ही राक’ बुडालं. त्यावर सुमारे ६०,००० टन कोळसा होता, गुजरातेतल्या दहेजला निघालेला, आणि २९० टन इंधन तेल. पुन्हा पावसाळा, पुन्हा पनामाचा झेंडा. पण या वेळी हरित लवाद अस्तित्वात होता आणि एका पर्यावरण कार्यकर्त्याने तिथे अर्ज केला. २३ ऑगस्ट २०१६ च्या निकालात लवादाने जहाज समुद्रात जाण्याच्या लायकीचं नव्हतं असं म्हटलं, कतारच्या डेल्टा शिपिंग आणि तिच्या संलग्न कंपन्यांवर १०० कोटी रुपये पर्यावरण भरपाई बसवली आणि कोळशाचे मालक अदानी एंटरप्रायझेस यांना समुद्रतळाशी राहिलेल्या कोळशासाठी ५ कोटी भरायला सांगितलं. जहाज दुसऱ्याचं असलं तरी मालाचा मालक हात झटकू शकत नाही, ही या निकालातली मोठी गोष्ट. मालक, चालक, भाडेकरू, झेंडा आणि विमा यांचे धागे पाच देशांत विखुरलेले असतात, आणि ते तसे विखुरलेले असणं हाच जबाबदारीपासून बचावाचा जुना रस्ता आहे. निकालाने तो थोडा अरुंद केला. पण १०० कोटी हा गोल आकडाच सांगतो की तो मोजणीतून आलेला नाही.

२५ मे २०२५ ला केरळच्या किनाऱ्याबाहेर ‘एमएससी एल्सा ३’ बुडालं, ६४३ कंटेनर घेऊन. केरळ सरकारने उच्च न्यायालयात ९,५३१ कोटींचा दावा लावला, त्यातले ८,६०० कोटींहून अधिक पर्यावरणाच्या हानीचे. त्याच शिपिंग समूहाचं दुसरं जहाज न्यायालयाने अडकवून ठेवलं आणि नंतर १,२२७ कोटींची हमी मागितली. जहाज परदेशी पाण्यात निघून गेलं की पैसे वसूल होत नाहीत, हे केरळने ओळखलं आणि हातात सापडलेलं जहाज सोडलं नाही. दाव्याचा आकडा मोठा आहे आणि त्यातला रुपयान् रुपया सिद्ध करावा लागणार आहे.

सिद्ध करायचं तर आधीची स्थिती माहीत हवी. मालकाचे वकील पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि ठाणे खाडीत तो जास्तच बोचरा आहे. पूर्वेला ठाणे-बेलापूर पट्ट्यातली रासायनिक कारखानदारी, पश्चिमेला ट्रॉम्बे-माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, दोन्हीकडून शहरांचं सांडपाणी. चिखलात सापडलेलं तेल चित्राचंच कशावरून? उत्तर आहे: प्रत्येक तेलाची रासायनिक ठेवण वेगळी असते आणि जहाजाच्या टाकीतल्या नमुन्याशी चिखलातला नमुना जुळवता येतो. पण त्यासाठी टाकीतला नमुना पहिल्या दिवशी घेतलेला हवा, चिखलाचा पहिल्या आठवड्यात, आणि गळतीआधीचा नमुना कुठेतरी जपून ठेवलेला हवा. गळतीनंतर प्रदूषकाच्या शब्दावर विसंबायची सोय नाही. २०१७ च्या जानेवारीत चेन्नईजवळ एन्नोरला दोन जहाजं आपटली तेव्हा बंदराने आधी तेलप्रदूषण झालंच नसल्याचं सांगितलं, आणि काही दिवसांत शेकडो माणसं बादल्यांनी काळा गाळ उपसत होती.

आज खाडीची कागदोपत्री स्थिती २०१० पेक्षा खूप मजबूत आहे. अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) आहे, ऐरोलीला किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, आणि या भागात पक्ष्यांची मोजणी करणारे अनुभवी लोक आहेत. पक्षी मोजले जातात; चिखल नियमाने मोजला जायला हवा. वाशी, सारसोळे, दिवाळे, ऐरोली इथल्या ठरलेल्या जागांवरून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, वीतभर खोल गाळाचे नमुने काढून गोठवून ठेवणं हे अवघड काम नाही. मच्छीमार सोसायट्यांनी खाडीतल्या रोजच्या मिळकतीची वही ठेवली, किती किलो चिंबोऱ्या, किती निवट्या, कोणी आणल्या, तर होडी नसलेल्या बायकांचं नावही एका कागदावर येईल आणि तो कागद न्यायालयात चालेल. खर्च कोणी करायचा? बंदरात येणाऱ्या प्रत्येक जहाजाकडून तऱ्हेतऱ्हेचे आकार घेतले जातातच. त्यात आणखी एक बसवायला हरकत असू नये. ज्या वाहतुकीमुळे धोका आहे तिनेच मोजणीचे पैसे द्यावेत.

घाई का, तर बंकर कराराखालचा दावा नुकसान झाल्यापासून तीन वर्षांत आणि कोणत्याही परिस्थितीत घटनेपासून सहा वर्षांत लावावा लागतो. तिवरांखालचं तेल वीस वर्षं राहू शकतं.